खुराड्याच्या भिंतीवरची अन्थी

मित्रांनो, मी एक जुना प्रचारफलक आहे. सध्या कोंबड्यांच्या खुराड्याची मागची भिंत म्हणून उभा असतो. माझ्यावर अन्थी कासिमाती अजून हसते आहे. फक्त तिच्या एका डोळ्यातून खिळा गेला आहे.

सिडनीच्या छापखान्यात माझा जन्म झाला. आम्ही चारशे भावंडं, चेहरा एकच. कुराबरी मतदारसंघातल्या मेंढवाड्यांच्या कुंपणांना आम्हाला तारेने बांधलं. कोणी येताजाता हॉर्न वाजवून शाबासकी दिली, कोणी मिशा काढल्या. अन्थी एकसष्ट मतांनी निवडून आली आणि कॅनबेऱ्याला संसदेत गेली. मी तिच्या घरच्या गॅरेजमध्ये गेलो.

दोन वर्षांनी कोणीतरी ग्रीसच्या एका बेटावरची गावाची नोंदवही उघडली. तीत अन्थीचं नाव निघालं. म्हणजे ती तिकडचीही नागरिक, आणि दोन देशांच्या माणसाला आमच्या संसदेत बसता येत नाही. उमेदवारीच्या अर्जावर तिने 'फक्त ऑस्ट्रेलियन' असं लिहिलं होतं, तेही अगदी खरं समजून. कोर्टाने तिची जागा काढून घेतली.

गॅरेजच्या दारातच मायलेकींचं जुंपलं.

"आई, माझं नाव तिकडे तू घातलंस?"

"मग कोण घालणार? सहा वर्षांची होतीस. वहीत नाव नसतं तर बाबांची ऑलिव्हची अकरा झाडं तुझ्या काकाच्या घशात गेली असती."

"मला सांगायचंस तरी!"

"तू विचारलंस कधी? अख्ख्या गावाची दारं ठोठावलीस, माझं सोडून."

पोटनिवडणूक लागली. तिकडचं नागरिकत्व सोडलं की अन्थीला पुन्हा उभं राहता येणार होतं. पक्षाची माणसं रोज फोन करत. मला धुऊन स्वयंपाकघरात वाळत ठेवलं. टेबलावर तिकडचं नागरिकत्व सोडण्याचा कागद होता.

"कर की सही," आई म्हणाली. "वहीत बाबांच्या नावाखाली तुझं नाव आहे. तेवढं खोडतील."

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. अन्थीने पेन उचललं, ठेवलं. कागदावर कॉफीच्या कपांची वर्तुळं उमटत गेली. शुक्रवारी दुपारी बाराला उमेदवारी अर्जाची मुदत संपली. जेवण झाल्यावर अन्थी हातोडी घेऊन आली आणि मला इथे ठोकलं. रडली नाही. मीही नाही.

अंडी गोळा करायला आई येते, तेव्हा बाहीने माझं तोंड पुसते. मित्रांनो, उतरवलेल्या फलकाला मत नको असतं. अधूनमधून पुसत जा, इतकंच.