इंजिन गेलं म्हणून सांगा

तीन दिवस मी त्या गाडीपुढे डोकं फोडत होतो. साठीला आलेल्या माणसाने गाडीखाली सरपटायचं हे काय वय आहे का? पण गाडीच्या मालकीण हायाशिदाबाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. नागासाकीत ह्या मॉडेलची ही लांबलचक काळी गाडी एकच उरलेली, आणि तिचं इंधनाचं इंजेक्शन कळणारा मेकॅनिक मीही एकटाच.

तक्रार एकच, चढावर ओढत नाही. आणि आमच्या गावात चढाशिवाय आहे काय? बाईंचे ड्रायव्हर तोमोनागासान, वय चौऱ्याहत्तर, दर गुरुवारी बाईंना डोंगरावरच्या दवाखान्यात नेत. गेल्या गुरुवारी गाडी अर्ध्या चढावर रडतखडत थांबली, मागे बस खोळंबली.

"सापडलं का हो?" ते रोज सकाळी येऊन विचारत. "गाडी गेली तर मी काय करू? एकतीस वर्षं हेच केलंय. घरी बसलो तर आठवड्यात मरेन."

मी इंधनाचा दाब मोजला, बरोबर. फिल्टर बदलला. इंजेक्टर काढून धुतले. सायलेन्सर तुंबला असेल म्हणून पाहिलं, तोही साफ. बॉनेट उघडून पेडलला जोडलेला थ्रॉटल हाताने ओढला की इंजिन डरकाळी फोडायचं. रस्त्यावर काढली की पुन्हा रडगाणं.

रस्त्यावर अर्थात तोमोनागासानच चालवायचे, मी शेजारी. त्या स्टिअरिंगला एकतीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागलेला नाही, आणि "जरा मला द्या" म्हणणं आमच्यात बरं दिसत नाही. ह्या भिडेपायी माझे तीन दिवस फुकट गेले.

चौथ्या सकाळी मी वैतागलो. बॉनेट उघडलं आणि म्हटलं, "इंजिन बंद ठेवा, नुसतं पेडल दाबा."

थ्रॉटलची झडप अर्धीच उघडली.

"पूर्ण दाबा."

"पूर्णच आहे."

"अहो, तळाला टेकवा."

"टेकलंय की."

मी आत वाकून पाहिलं. पेडलखाली चार बोटं जागा होती आणि त्यांचा पाय थरथरत होता.

"सरका जरा," मी म्हटलं. ते बाजूला सरकले. मी चालवली, तर चढ कधी संपला कळलंही नाही.

वर पोचल्यावर ते म्हणाले, "साखरेमुळे पायाला काही कळत नाही हो. मला वाटायचं, दाबलंय." मग थांबून, "बाईंना सांगा, इंजिन गेलं. पायाचं नको. इतकी वर्षं माझ्या भरवशावर मागे बसल्या, आता घाबरतील."

गॅरेजात येऊन मी त्यांना बाहेर बसवलं आणि आतून बाईंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "पाय ना? मागे बसून मला त्यांचा गुडघा थरथरताना दिसतो. मला सांगवेना, म्हणून गाडी तुमच्याकडे पाठवली. त्यांना म्हणा, इंजिन गेलं."

"गाडी ठणठणीत आहे, बाई."

"असू दे. गाडीला वाईट वाटत नाही."

मला दोघांचाही राग आला. ह्यासाठी मी कंबर मोडून घेतली? पण भांडायचं तरी कोणाशी? कागदावर लिहिलं, इंजिन निकामी, दुरुस्ती शक्य नाही. असलं खोटं मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं. तोमोनागासाननी ते वाचलं आणि आभार मानायला कमरेत वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

त्यांच्या घराकडच्या बसला तासभर अवकाश होता. मी त्याच गाडीचं मागचं दार उघडलं.

"मागे कसा बसू?" ते म्हणाले.

"बसा हो आता."

ते बसले, अगदी कडेला, आणि घर येईपर्यंत स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत राहिले.