दोन भोंग्यांमध्ये

गोजरा गेली त्या सकाळी मी चालत गेलो होतो. पळालो नव्हतो. ते आधीच सांगून टाकतो.

आमचा मळा वाशीमपासून दोन कोसांवर, रिसोडच्या रस्त्याला. माझ्या बायकोला, गोजराला, रात्रीपासून हगवण आणि ओकारी लागली होती. वाशीमच्या कापसाच्या जिनाचा पहिला भोंगा झाला, सहाचा, तेव्हा मी म्हणालो, डॉक्टरला आणतो. ती बाजेवरून म्हणाली, "चाललेच हा तं टोपलं घिऊन जा. काल तोडलेले वांगे सुकून जातीन."

मी टोपलं डोक्यावर घेतलं, रोज घेतो तसं. डोक्यावर टोपलं असलं की माणसाला पळता येत नाही. वाशीमला आधी अडत्याकडे ते उतरवलं, मग दवाखान्यात गेलो. डॉक्टरच्या दारात उभा होतो तेव्हा साडेसातचा दुसरा भोंगा झाला. डॉक्टर लगेच निघाले. रऊफच्या टांग्यात बसून आम्ही मळ्यात आलो. शेजारच्या ललिताबाई गोजराजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "दुसरा भोंगा वाजून राह्यला होता, तवाच गेली." डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आलो असतो तर शिरेतून पाणी देता आलं असतं. थोडं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

हे मार्गशीर्षात झालं.

पौषात जिनावर नवा गोरा साहेब आला. इंजिनाचं काम बघायचा. डेव्हिस नाव. तो रोज सकाळी आमच्या रस्त्यावर पळू लागला, अर्ध्या चड्डीत, डोक्याला ओला रुमाल बांधून. पहिल्या दिवशी वावरातल्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. "कोन मेलं वो?" आमच्याकडे कोणी मेल्याशिवाय मोठा माणूस रस्त्यानं पळत नाही.

साहेब माझ्या विहिरीपर्यंत यायचा, पाणी प्यायचा आणि मागे फिरायचा. उन्हाळ्यात रजेवर जाऊन त्याला त्याच्या मुलखात सव्वीस मैलांची शर्यत पळायची होती. तिथे त्याला जोडीदार होते, इथे कोणी नव्हतं. "अकेला पांव सुस्त हो जाता," तो म्हणाला. "तुम साथ में आयेगा?"

त्याच्या हातात एक घड्याळ होतं. निघताना सुरू करायचं आणि पोचल्यावर थांबवायचं. मी ते पाहिलं आणि हो म्हणालो.

मी पळालो असतो तर दुसऱ्या भोंग्याच्या आत डॉक्टर घरी आला असता का, एवढंच मला पाहायचं होतं. साहेबाला हे सांगितलं नाही.

रोज पहिल्या भोंग्याला आम्ही विहिरीवरून निघायचो आणि दवाखान्यापाशी थांबायचो. पहिल्या दिवशी मी वाटेत दोनदा खाली बसलो. साहेब शिकवायचा, खांदे ढिले सोड, मूठ आवळू नको, चढावर छोटं पाऊल टाक. टांग्याच्या अड्ड्यावरून रऊफ ओरडायचा, "काहून पंजाबभाऊ, साहेबानं घोडा इकला काय? तुलेच जुपलं?" मी पुढे पळायचो. पाय दुखायचे. दुसरं काही दुखायचं नाही.

फाल्गुनात एका सकाळी मी एकदाही न थांबता दवाखान्यापाशी पोचलो. साहेबानं घड्याळ थांबवलं, पाठीवर थाप मारली आणि तो जिनाकडे गेला. रऊफला मी टांगा जोडून तयार राहायला सांगून ठेवलं होतं.

"पेशंट कुठी हाये?" रऊफ म्हणाला.

"कोनी नाही."

"डॉक्टर?"

"तो बी नाही. पन थांब जरा. डॉक्टर बूट घालून राह्यला."

रऊफनं माझ्याकडे पाहिलं. तो हसला नाही. घोड्याचा पट्टा सोडून परत आवळला. मग म्हणाला, "पेटी घेतली काय त्यानं?"

"घेतली."

"चाल मंग. बस."

त्या दिवशी हाकला होता तसाच त्यानं घोडा हाकला.

मळ्यात पोचलो तेव्हा दुसरा भोंगा झाला नव्हता. मी आत जाऊन बाजेजवळ बसलो. रऊफ बाहेरून म्हणाला, "घोड्याले पानी पाजू काय?"

"पाज."

घोडा एक बादली प्याला. रऊफनं विहिरीतून दुसरी काढली. ती अर्धी झाली, तेव्हा भोंगा झाला. रऊफ आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब विहिरीवर आला तो खुशीत होता. "कल अडतीस मिनट," तो म्हणाला. "पहला दिन, मालूम? बावन! चौदा मिनट कम किया तुम."

मला ते समजायला वेळ लागला. मार्गशीर्षात मला पळायचं शिकवलेलं नव्हतं. त्या सकाळी टोपलं घेतलं नसतं आणि पळालो असतो, तरी बावन्न मिनिटंच लागली असती. काल पळाला तो त्या दिवशीचा मी नव्हतो. काल भोंग्याआधी चौदा मिनिटं तरी उरली होती का, ते फक्त घोड्याच्या पाण्यावरून कळणार होतं.

मी साहेबाला विचारलं, "घोडा देड बालटी पानी कितना मिनट में पीता?"

तो हसला. "घोडे के साथ रेस करेगा?"

मी म्हणालो, उद्यापासून मी येत नाही. त्यानं दोनदा का म्हणून विचारलं. वांगी तोडायची राहिलीत, मी सांगितलं. तो पाणी पिऊन एकटाच निघाला.

मी वांगी तोडली. टोपलं डोक्यावर घेतलं आणि चालत वाशीमला गेलो.