सहदेवचा मैल

समतानं धावत जाऊन आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, सम्यकाला उचललं, तेव्हा पोरीचं एक पाऊल डांबरावर पडलेलं होतं. ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यानं दोघींचे केस उडाले. समता तशीच उभी राहिली. मग तिनं पोरीच्या पायाची बोटं एकेक करून चाचपली.

समोर वळणावर तिचा सासरा सहदेव खड्ड्यात घमेलंभर मुरूम ओतून ठोकत होता. रस्त्याची डागडुजी करणारा सरकारी मैलकुली म्हणून त्याला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मेहकरकडं जाणाऱ्या राज्य मार्गावरचा आपला तुकडा त्यानं सोडला नव्हता. ही पूर्वी नुसती गाडरस्त्याची चाकोरी. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या आईनं इथंच खडी फोडली. डांबर त्याच्या डोळ्यांदेखत आलं. रस्त्यात खड्डा दिसला की त्याला घास जात नसे.

महिनाभर समता रस्त्यालगतच्या घराच्या ओट्यावरून बघत होती. खड्डा असला की गाड्या वळणावर हळू होत. बुजला की सुसाट.

"मामाजी, एवढा एक खड्डा राहू द्या ना."

सहदेवचा हात थांबला. "काऊन?"

"गाड्या हळू होतात त्यानं. सम्यका दाराची कडी काढते आता. कडी वर बसवली तं स्टूल ओढते."

"अन् अंधारात फटफटीवाला पडला म्हंजे? त्याले नाही का लेकरू?"

"गतिरोधकाचा अर्ज देऊन चार महिने झाले," ती एवढंच म्हणाली.

"देतीन. दम धर थोडा."

"मी धरते. सम्यका धरत नाही ना."

ओट्यावर तांदूळ निवडणारी सासू, पंचफुला, मान वर न करता बोलली, "त्याइले काय सांगतं, माय? रस्ता त्याइची पैली बायको हाय. मी दुसरी."

सहदेव हसला नाही. मुरूम ठोकून खड्डा त्यानं सपाट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. समता हातातली पोळी टाकून धावली. ट्रक येतच होता, पण अगदी रांगत. वळणाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग होता. त्यात बाभळीची फांदी खोचलेली, बाजूला चुना फासलेले दोन दगड. पलीकडं सहदेव उकिडवा बसून काहीच करत नव्हता. खड्डा कुठंच नव्हता.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत त्यानं सगळं उचलून नालीपल्याड नेलं. सकाळी पुन्हा मांडलं. हातचं काम अर्धवट टाकणाऱ्याला नोकरीभर शिव्या देणारा माणूस. पण हा ढीग काही कमी होईना.

आठव्या दिवशी एसटीचा ड्रायव्हर इंद्रभान यानं गाडी हळू करून खिडकीतून डोकं काढलं.

"काय हो सहदेवभाऊ, लय दिवस चालू हाय काम! कधी उरकन?"

सहदेवनं घराकडं पाहिलं. दारात समता पोरीला कडेवर घेऊन उभी होती.

"चालन अजून दोन-अडीच वर्सं," तो म्हणाला. "जागा नाजूक हाय बाप्पा."