पुढून डॉज, मागून होडी

मी एक जुनी डॉज मोटार आहे, मित्रांनो. म्हणजे निदान पुढून तरी आहे. समोरून पाहाल तर जाड नाक, बटबटीत दिवे आणि क्रोमचे दात दिसतील, आणि तुम्ही म्हणाल, वा, काय साहेबी गाडी! मग जरा मागे चालत या. तिथे सागवानी फळ्या दिसतील, त्याही होडीसारख्या बाकदार, आणि तुम्ही डोकं खाजवाल. बघणाऱ्याची अशी फजिती झाली की मला अजूनही मजा वाटते. हे अर्धंमुर्धं रूप माझ्या वाट्याला कसं आलं ते ऐकायचं असेल, तर थोडा वेळ जवळ बसा. फक्त पत्र्याला टेकू नका, कपड्यांना गंज लागेल.

माझे सुटे भाग आगबोटीतून आले आणि जोडणी कुर्ल्याच्या कारखान्यात झाली. पनवेलचे डॉक्टर गुरुदत्त गुप्ते यांनी मला घरी आणलं, तेव्हा गावात मोटारीचं मोठं अप्रूप होतं. ओवे म्हणू नका, तळोजा म्हणू नका, विचुंबे म्हणू नका, जिथून बोलावणं येई तिथे आम्ही धुरळा उडवत जात असू. एका अडलेल्या बाईचं बाळ तर इस्पितळ गाठायच्या आत माझ्या मागच्या सीटवरच जन्मलं. डॉक्टरांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "ही आमची नर्सबाई!" त्या कौतुकाने मी इतकी फुगले, की त्यानंतर कितीतरी दिवस मी चढावर एकदासुद्धा कुरकुरले नाही.

पुढे डॉक्टर वारले आणि माझी चाकं थांबली. त्यांच्या पत्नी, सुमतीबाई, दुपारी शेडमध्ये येत, पुढच्या सीटवर आपल्या नेहमीच्या बाजूला बसत आणि शेंगा सोलत. डॉक्टरांच्या बाजूला एक टरफलसुद्धा पडू देत नसत. मला तेव्हा फार वाटे, आपलं इंजिन एकदा आपणहून सुरू व्हावं आणि यांना नुसतं टपाल नाक्यापर्यंत फिरवून आणावं. पण बॅटरी केव्हाच मेली होती, आणि नुसत्या वाटण्यावर मोटारी चालत नाहीत.

नव्वद साल उजाडता उजाडता पनवेलमध्ये इमारतींचं पीक आलं. गुप्त्यांच्या जागेतही इमारत उठायची ठरली आणि माझी शेड पाडायची वेळ आली. भंगारवाला येऊन माझे टायर लाथेने तपासत होता. तेवढ्यात मासळी घेऊन गुणाबाई दारात आली. गुणाबाई कोळीवाड्यातली, सुमतीबाईंच्या घरी पापलेट यायचं ते तिच्याकडूनच.

"बाई, भंगारात कशाला देताव? मना द्या," ती म्हणाली. "करंज्याच्या धक्क्यावरनं मावरा आनायचा तर एस्टीचा कंडक्टर पाटी चढवू देत नाय. वास येतो म्हनतो."

"अगं, पण ती चालत नाही," सुमतीबाई म्हणाल्या.

"आमच्या घरातला मानूस पन कवापासनं चालत नाय. दोगांकडं एकदमच बघते."

सुमतीबाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. भंगारवाला हात हलवत परत गेला.

घरातला माणूस म्हणजे गुणाबाईचा नवरा, कमळाकर. पायांनी धडधाकट होता; थांबलं होतं ते त्याचं काम. तो होड्या बांधणारा. त्याने बांधलेल्या होड्या उरणपासून पार खालच्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. पण इकडे खाडी गाळाने भरत गेली, तिकडे फायबरच्या होड्या निघाल्या, आणि लाकडाची होडी मागायला कोणी येईना. वाकस, रंधा, गिरमिट, सगळी हत्यारं तेल लावून भिंतीला टांगली होती. संध्याकाळी तो जुन्या बंदरावर जाऊन बसे आणि दुसऱ्यांच्या होड्या बघे. जन्मभर लोकांसाठी होड्या बांधल्या, स्वतःची अशी एकही पाण्यात घातली नाही, हे त्याचं दुखणं होतं. ते तो बोलत नसे. कोळीवाड्याला मात्र माहीत होतं.

एका ट्रकला दोर बांधून मला त्यांच्या अंगणात आणलं. गॅरेजवाल्या बाळूने माझं इंजिन उघडलं; ते खोकलं, थुंकलं, शेवटी सुरू झालं. मग त्याने गॅसकटर पेटवला आणि पुढच्या सीटच्या मागून मला सरळ कापलं. दुखलं का? दुखलं तर. पण त्याहून जिव्हारी लागली ती अंगणाच्या कडेला टाकलेली माझी मागची सीट. जिच्यावर बाळ जन्मलं, तिच्यावर आता कोंबडी पसरून बसली होती. आरटीओतल्या खेट्यांची कहाणी मी सांगत नाही. ती ऐकून तुमचा मोठं व्हायचा उत्साहच जाईल.

गुणाबाईला मागे मासळी ठेवायला हवा होता एक साधा चौकोनी हौदा. पण कमळाकरच्या हाताला चौकोन माहीतच नव्हता! त्याने हत्यारं खाली काढली आणि आधी बाक दिलेल्या आडव्या वाशांची बरगडी उभी केली. त्यावर सागवानी फळ्या चढवल्या. फटींमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठासला, वरून राळ ओतली, आणि सगळ्याला मुशी माशाचं तेल चोपडलं. त्या वासाने शेजारची मांजरं माझ्याभोवती मुक्कामाला आली.

"कमळाकरदादा, शीड कुठं बसवतो रं?" बाळू म्हणाला.

"तुझ्या डोस्क्यावर!"

कमळाकर हसला. त्या घराने कित्येक वर्षांत ते हसू ऐकलं नव्हतं. गुणाबाई चुलीपुढे बसली होती, ती तशीच बाहेर येऊन दारात उभी राहिली. चौकोनाचा विषय तिने त्या दिवसापासून काढला नाही. हौदा पुरा झाला तेव्हा कमळाकरने फळीवर निळ्या रंगात नाव घातलं, 'सत्यवती'.

आता इथे जे झालं, ते कोळीवाड्यातच होऊ शकतं. नवी होडी पाण्यात घालण्याआधी तिच्यात पाणी भरून बघतात. कुठून गळतं ते कळावं म्हणून. कमळाकरने माझ्या हौद्यात विहिरीचं पाणी काठोकाठ भरलं. सगळी आळी खाली वाकून बघत होती. थेंब गळला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गुणाबाईने नारळ फोडला, म्हाताऱ्यांनी कमळाकरची पाठ थोपटली. मासळीच्या गाडीतून पाणी गळायलाच हवं, हे एवढ्या जाणत्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याही नाही आलं.

मे महिन्यात पहिली खेप झाली. करंज्याला बर्फ घालून बोंबील आणि पापलेट भरले. उन्हात बर्फ वितळला, आणि ते पाणी जाणार कुठे? गाडी चालवायला बाळूच होता; त्याने ब्रेक दाबला की मागून लाट उसळे. जासईच्या वळणावर एका स्कूटरवाल्याला अशी अंघोळ घडली, की त्याने आमच्या साती पिढ्यांचा उद्धार केला. पनवेलच्या बाजारात पोचेस्तोवर बोंबलांचा लगदा झाला होता.

"मावरा इकायला आनला की पवायला?" शेजारी मासळी विकणाऱ्या भामाने विचारलं आणि अख्खा बाजार हसला.

घरी आल्यावर गुणाबाई म्हणाली, "खालून भोक पाडा."

"मी होडीच्या बुडाला भोक नाय पाडायचा," कमळाकर म्हणाला. "जल्मात नाय पाडला."

"ती होडी नाय, गाडी हाय!"

ती बोलून गेली. कमळाकरने हत्यारं गोळा केली आणि पुन्हा भिंतीला टांगली. मला त्या दिवशी दोघांचंही पटत होतं. आपल्यामुळे घरात भांडण लागावं, यासारखं वाईट काही नाही.

पुढच्या खेपांना तो मागे बसून डब्याने पाणी उपसत येई, भर रस्त्यात, होडीतून उपसतात तसंच. मासळी तरीही खराब होई, आणि गुणाबाईची गिऱ्हाइकं तुटायला लागली. बाळू तिला म्हणाला, "काकी, ते बंदरावर गेले की मी पाडतो भोक. पाच मिन्टाचं काम."

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली. "त्यांच्या हातानं पडंल तर पडंल."

मग पावसाने मासेमारी बंद झाली. मी अंगणात भरत राहिले आणि कमळाकर रोज सकाळी मला उपसत राहिला. नवराबायको कामापुरतं बोलत. नारळी पौर्णिमा जवळ आली. त्यानंतर होड्या समुद्रात जाणार, मासळी येणार, आणि हौदा असाच राहिला तर गुणाबाईचा धंदा बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पौर्णिमेच्या दुपारी खाडीला उधाणाची भरती आली. गुणाबाई नवी साडी नेसून, पूजेचं ताट घेऊन बाहेर आली आणि बाळूला म्हणाली, "गाडी काढ. बंदरावर घे." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी मागं बसा."

"कशाला?"

"बसा म्हनते ना."

जुन्या बंदराच्या उतारावर तिने मला पाठमोरी वळवायला लावली. बाळू घाबरला. "काकी, खारं पानी हाय. गाडीची वाट लागंल."

"लागू दे. हळूहळू मागं घे."

माझी मागची चाकं पाण्यात गेली. मग ॲक्सल बुडाला. मग गार पाणी फळ्यांना लागलं आणि वर वर चढू लागलं. कमळाकर हौद्यात उभा होता. आणि मित्रांनो, मी सांगते त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, एकाएकी माझी मागची चाकं जमिनीवरून सुटली. माझं मागचं अर्धं अंग हलकं झालं, डावीकडे डोललं, उजवीकडे डोललं. नाक जमिनीवर टेकलेलं आणि पाठ पाण्यावर! आत एक थेंब आला नाही.

गुणाबाई कमरेपर्यंत पाण्यात शिरली. तिने फळीला हळदकुंकू लावलं, नारळ खाडीत सोडला आणि वर बघून म्हणाली, "तुमची हाय. पुरी तुमची."

कमळाकर खाली बसला आणि दोन्ही हातांनी फळ्या धरून लहान मुलासारखा रडला. बंदरावर सगळा कोळीवाडा जमला होता, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर त्याने कोणी न सांगता गिरमिट काढलं. माझ्या खाली उताणा झोपला आणि फिरवायला लागला. लाकडाचा भुसा त्याच्या तोंडावर पडत होता. एक भोक पाडून झाल्यावर त्याने तोंडावरचा भुसा पुसला आणि म्हणाला, "दुसऱ्या कोपऱ्यात पन पाडतो. पानी दोनी अंगांनी गेला पायजे."

त्यानंतर मी वर्षानुवर्षं मासळी वाहिली. माझा हॉर्न ऐकला की बायका ताटं घेऊन बाहेर येत. त्या खाऱ्या पाण्याने मात्र गंज धरला तो धरलाच. बाळूने तेलपाणी केलं, ठिगळं लावली, पण चेसिस आतून खात गेली. नवे टेम्पो आले आणि मी अंगणात उभी राहिले. कमळाकरही आता नाही. गुणाबाई अधूनमधून फळ्यांवरून हात फिरवते आणि आत जाते. नारळी पौर्णिमेच्या दुपारी, भरती चढायच्या वेळेला, माझी मागची चाकं अजून हलकी झाल्यासारखी वाटतात. आता ती कुठे जाणार? टायरसुद्धा उरलेले नाहीत. पण वाटतं खरं.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना वेळेवर तेल द्या, धुवून पुसून ठेवा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक सांगते. घर चालायचं तर कोणाला ना कोणाला आपल्या हौसेच्या बुडाला भोक पाडावंच लागतं. तुमच्याही घरी असा कोणी असेल. त्याच्या हातात गिरमिट देण्याआधी, एकदा तरी, त्याची होडी पाण्यात घालून द्या.