तंबोऱ्याची बॅट आणि जीपमधली एक जागा

"हे सांगितलं तर कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, म्हणून इतकी वर्सं मी गप हुतो," असं म्हणून बाळासोआबा जीपच्या दाराला टेकले. आबा कधी काळी गप होते, यावरच जत तालुक्यात कुणाचा विश्वास बसला नसता.

पण आज गरज होती. सांगलीला मुलींच्या बेसबॉलची फायनल होती आणि आबांची नात राणी जतच्या संघाची चेंडू टाकणारी. तिचा एकही सामना आबांनी पाहिला नव्हता. दर खेपेला मेंढरं आडवी यायची. आज मेंढरं बायकोच्या, बयाबाईच्या गळ्यात घालून, धुतलेला पटका बांधून ते सकाळीच हजर झाले. तर पोरींनी जीप खचाखच भरलेली. ड्रायव्हरशेजारची तेवढी एक जागा मोकळी.

"जागा खेळ कळणाऱ्यालाच देणार आजोबा," प्रशिक्षक क्रांती मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या मुली बॅटी फिरवत असतात. तेवढ्यात राणीचे चेंडू झेलून तिचा हात मोकळा करणारं माणूस मला हवंय."

"मग मला सोडून कोण? जतच्या धनगरांचा बेसबॉल संघ हुता, म्याडम. पगारी. म्हैन्याला माणशी एक पोतं जोंधळा. देश सवतंत्र झाला त्याच्या मागनंच."

"तवा तुमी जल्माला तरी आलावता का?" ड्रायव्हर पप्पूनं विचारलं. राणीचा चेंडू या हातातून त्या हातात उडवत तो बॉनेटवर बसला होता.

"माझी जल्मतारीख एक जून हाय. मास्तरनं लावलेली. तारीख त्येच्या मनाची, मग साल काय देवानं सांगितलंवतं व्हय?"

अशा एक जूनच्या जन्मतारखा पप्पूच्या घरातच दोन होत्या. तो पुन्हा चेंडू उडवू लागला.

"तर त्या हंगामात पैली गाठ पलूसशी. हातमोजं कुठलं? आमी घोंगड्याची चौघडी करून झेलायचो. पलूसवाल्यांनी चेंडू हाणला की तो उसात. माणूस उसात शिरला की सापडायचा न्हाई, चेंडू काय सापडतोय! पर आमचं कुत्रं शिरायचं आन चेंडू घिऊन यायचं. एकदा दोन घिऊन आलं. दुसरा पुढल्या सामन्याचा हुता."

पोरी जीपमधून माना बाहेर काढून ऐकू लागल्या. आबांना बसायची जागा जवळ आल्यासारखी वाटली.

"फायनल मिरजंला. मिरजवाल्यांच्या बॅटी तंबोरं करणाऱ्यांनी घडवलेल्या. फटका नीट बसला की सा वाजायचा. जरा कडंला लागला की बेसूर. आन मिरजंची माणसं लय कानाची. बेसूर फटक्यावर आपलाच गडी पळाया लागला तर खाली बसवायची."

क्रांती मॅडमनी हसू ओढणीत लपवलं. "आणि चेंडू कोण टाकत होतं?"

"मीच की. म्होरं त्यांचा शेवटचा गडी. मी टाकला, त्येनं हाणला. असा सा लागला की बघ्यांनी माना डोलावल्या. चेंडू गेला थेट पुण्याच्या गाडीत, खिडकीतनं. गडी लागला पळाया. मी म्हटलं, गाडी गेली म्हंजी परत येणारच. जागचा हाललो न्हाई. दुसऱ्या दिवशी गाडी आली, गार्डानं चेंडू भिरकावला आन मी ह्या डाव्या हातानं झेलला. आउट."

"आन तवर तो गडी काय करत हुता?" पप्पूनं विचारलं.

"पळतच हुता. कुणी थांब म्हटलंच न्हाई."

"आणि राणी चेंडू सोडायच्या आधी हात डोक्याभोवती फिरवते, ते कुणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं. "मी किती मोडायला बघितलं. मग तिनं त्याच हातानं सेमीफायनल काढली."

"गोफणीचा हात हाय त्यो," आबा छाती काढून म्हणाले. "मीच शिकवला."

मॅडमनी पुढचं दार उघडलं. आबांनी एक पाय वर टाकला. बयाबाई तेवढ्यात राणीची राहिलेली भाकरी घेऊन लगबगीनं येत होती.

"आबा, झेला," म्हणत पप्पूनं चेंडू सोडला.

आबांचे दोन्ही हात पटक्यावर गेले आणि ते सीटखाली वाकले. चेंडू त्यांच्यावरून गेला. मागं बयाबाईनं भाकरीचं गाठोडं उजव्या हातातून न सोडता तो डाव्या हातानं अलगद धरला.

पोरींच्या माना आबांकडून बयाबाईकडं वळल्या.

"खोटं हाय म्याडम समदं," बयाबाई म्हणाली. "ह्यांनी उभ्या जल्मात उडी मारलेलं कोकरू झेललं न्हाई. जोंधळ्याच्या रानात माळ्यावरनं पाखरं हाकताना पोरीला गोफण म्या शिकवली. आवं, सरका तिकडं. आन मेंढरास्नी पाणी दावा."