रूटचा पासवर्ड

सुधाकररावांनी दिलीपला माझ्या टेबलाशी आणून उभं केलं आणि म्हणाले, "इंदूबाई, याले मशीनचं सगळं शिकवून टाका," तेव्हाच मी ओळखलं, आपला गाशा गुंडाळायची वेळ आली. सुधाकरराव आमच्या संत्रा बागायतदारांच्या समितीचे मॅनेजर आणि दिलीप त्यांचा सख्खा साळा. साळ्याला काही कोणी हौसेखातर कॉम्प्युटर शिकवत नाही.

वर्ष एकोणनव्वद. मी समितीत टेंपररी होते. ऑपरेटरची एक कायम जागा निघणार होती आणि ती मलाच मिळेल या भरवशावर मी रोज सौंसरहून पांढुर्ण्याला बसने यायचे, वाटेतल्या मोहगावपर्यंत तर उभ्यानेच. भरवसा ठेवायला कारण होतं. ते मशीन उभं मीच केलं होतं.

समितीने कॉम्प्युटर घेतला खरा, पण तो चालवायला लागते ती सिस्टिमच घेतली नव्हती. म्हणजे बैल नाही आणि बंडी दारात, अशी गत. मी नागपूरला श्रीधर सरांकडे शिकले होते. त्यांच्याकडे एका परदेशी प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली सिस्टिम होती, युनिक्स या मोठ्या सिस्टिमच्या वळणाची. तिचा सगळा कोड सोबतच यायचा. बाकीचे कोड कुलपात ठेवतात. हा कोणीही वाचावा, हवा तसा बदलावा. सरांनी फ्लॉप्यांची चळत माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "मला देताना कोणी नाही म्हटलं नाही. तूही कोणाला नाही म्हणू नकोस."

मी सिस्टिम चढवली. मुख्य मशीनपासून वायरी ओढून काउंटरवर, गोदामात आणि सुधाकररावांच्या केबिनमध्ये एकेक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, जोडलं. गोदामातल्या पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या किडे-मुंग्या दिसायच्या. मग कोड उघडून बसले, चूक सापडली, दोन ओळी बदलल्या आणि पडदा सरळ आला. त्या दिवशी मी मशीनच्या खोलीत एकटीच नाचले. अनवाणी, कारण मशीनला धूळ चालत नाही म्हणून तिथे सगळे देवळात आल्यासारखे चपला बाहेर काढून यायचे.

आणि आता ते सगळं उचलून दिलीपला द्यायचं! माझा जीव थाऱ्यावर राहीना. बसले की उठायचे, उठले की तहान नसताना माठाकडे जायचे, परत येताना कशाला उठले तेच आठवायचं नाही. बसमध्ये शेजारची बाई म्हणायची, पोरी, पाय किती हलवतेस. श्रीधर सरांवरही राग यायचा. स्वतः कॉलेजात कायम नोकरीला, नाही म्हणू नकोस म्हणायला त्यांचं काय जातं?

दिलीप आगाऊ असता तर बरं झालं असतं. तो मान खाली घालून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप करायचा.

"इंदूताई, हे माह्यावर काहून चिडून राहिलं?"

"चिडून नाही राहिलं. तू काय म्हणतो ते त्याले समजलं नाही. नीट सांग."

"जिजाजी बी घरी मले असंच म्हणतेत."

मला हसू यायचं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच संताप यायचा. चुकीचं शिकवावं असं शंभरदा मनात आलं. पण कोड उघडला की मीच रंगून जायचे. हे असं का लिहिलं, ते तसं का, हे सांगता सांगता दुपार सरायची. दिलीपही विचारायचा ते नेमकं विचारायचा. महिनाभरात पोरगं तयार झालं.

एकच गोष्ट मी दिली नाही. रूटचा पासवर्ड. रूट म्हणजे मशीनचा मालक. मशीनमध्ये नवं नाव घालायचं, जुनं काढायचं, टर्मिनल जोडायचं, ते फक्त रूटच करू शकतो.

"रूट कधी शिकवता?" दिलीपने विचारलं.

"पहिले बाकीचं पक्कं होऊ दे."

तो परत एका बोटाने टाइप करायला लागला. त्याला काय ते कळलं असावं.

मग एका सकाळी समितीचे अध्यक्ष भैय्याजी आले. सुधाकरराव त्यांना चपला काढायला लावून खोलीत घेऊन आले. मागे काउंटरवरच्या सरलाताईही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता दिलीपच सगळं सांभाळते," सुधाकरराव म्हणाले. "एक तारखेपासून कायम जागेवर घेऊन टाकू त्याले. घरचा माणूस हाये."

माझ्यासमोर म्हणाले. मी जणू स्टॅबिलायझर होते.

भैय्याजींनी पडद्याकडे पाहिलं. "माहं नाव हाये काय याच्यात?"

"नाही जी," दिलीप म्हणाला.

"मंग टाक ना बापा. अध्यक्षाचंच नाव नाही म्हणजे काय!"

दिलीपने कमांड दिली. मशीनने रूटचा पासवर्ड मागितला. त्याचं बोट हवेतच राहिलं.

"टाक ना," सुधाकरराव म्हणाले.

"मले माहीत नाही."

"बाईनं सांगतला नाही?" ते माझ्याकडे वळले. "इंदूबाई, हे मशीन समितीचं हाये, तुमच्या घरचं नाही."

"दिलीपच्या कानात सांगते."

"कानात काहून? सगळ्यांसमोर सांगा. लपवाछपवी बंद."

पासवर्ड काय कोणी मोठ्याने म्हणायला ठेवतं? पहिल्या दिवशी, खोलीत एकटी असताना, मनात जे होतं तेच मी घातलं होतं.

"इंदू कायम," मी म्हणाले.

"काय?"

"इंग्रजीत. आय एन डी यू, के ए वाय ए एम. मधात जागा नाही. इंदू कायम."

सरलाताई पदराशी चाळा करायला लागल्या. भर चौकात कोणी माझी ट्रंक उघडून उपडी केल्यासारखं मला झालं. मग सुधाकरराव हसले. "वा! स्वतःच कायम होऊन गेली!"

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. "हो," मी म्हणाले. "वाटत होतं मले. वायरी मी ओढल्या, सिस्टिम मी चढवली, जागा मले भेटावी असं वाटत होतं. हसता काहून?"

भैय्याजी हसले नव्हते. पण माझ्या बाजूने बोललेही नाहीत. "पोरी," ते एवढंच म्हणाले, "ठरून गेलं ते. महिना पुरा कर तुहा."

दिलीपने पासवर्ड घातला. मशीनने तो घेतला. भैय्याजींचं नाव पडद्यावर उमटलं, त्यांनी चष्मा सारखा करून ते वाचलं आणि मान डोलावली.

"आता पहिले तो पासवर्ड बदल," सुधाकरराव म्हणाले. "तुह्या मनाचा टाक." आणि भैय्याजींना चहाचं विचारायला वळले.

नवा पासवर्ड पडद्यावर दिसत नाही, पण बोट दिसतं. मला दुसरीकडे कुठे पाहवत नव्हतं म्हणून मी दिलीपच्या बोटाकडे पाहत राहिले. ते वर उजवीकडे गेलं. आय. मग खाली, एन. मग डी. यू. मग थोडं शोधून, के. तो एकदाही चुकला नाही. खात्रीसाठी मशीनने पुन्हा मागितला, आणि त्याने पुन्हा तोच घातला, सावकाश, मला दिसेल असा.

"बदलला काय?"

"बदलला जी," दिलीप मान वर न करता म्हणाला.

मी चपला पायात सरकवून मागच्या बाजूला गेले आणि संत्र्यांच्या पेट्यांशी उभी राहून भरपूर रडले. नोकरी गेली होती, ती काही परत येणार नव्हती. रडले ते तिच्यासाठीही आणि त्या एका बोटासाठीही. मग माठाच्या पाण्याने तोंड धुतलं आणि परत आत गेले. दिलीपला रूट शिकवायचं राहिलं होतं.