हनीफभाईंच्या चार पुड्या

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझ्या अंगावरची अक्षरं पुसली गेली आहेत, टोपण केव्हाच हरवलं आहे आणि गळ्यात एक हिरवा दोरा आहे. तो दोरा बिबिजानच्या शिवणाच्या डब्यातला. सध्या माझा मुक्काम जुन्नरमध्ये, तिच्याच स्वयंपाकघरातल्या फळीवर, पत्र्याच्या एका डब्यात आहे. डब्यावर चिकटपट्टी आहे आणि पट्टीवर निळ्या शाईनं ‘मीठ’ असं लिहिलेलं आहे. आत मीठ नाही. मी एकटाच आहे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बोटभर लांबीच्या वस्तूला कसलं आलंय आयुष्य? मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आळेफाट्यावरच्या एका दुकानातली आहे. मोबाइलची कव्हरं आणि चार्जरच्या वायरी यांच्यामध्ये मी एका खिळ्याला लटकत होतो. ट्रकवाले यायचे, आमच्यातल्या एकेकाला उचलायचे, गाणी भरून घ्यायचे आणि नाशिकच्या रस्त्याला लागायचे. आपणही असेच गात गात मुलूख पाहणार म्हणून मी अगदी हुरळून गेलो होतो. पण मला उचललं ते महंमद हनीफ यांनी. गाण्यांचं नाव त्यांनी काढलं नाही.

हनीफभाई तरुणपणी टाइपरायटर घेऊन कचेरीबाहेर बसायचे, लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. पुढे टाइपरायटरला कुणी विचारेना, तेव्हा वयाच्या पंचेचाळिशीत ते कॉम्प्युटर शिकले आणि दुरुस्तीही करू लागले. मढपासून घोडेगावपर्यंत जिथे कुठे कॉम्प्युटर अडून बसायचा, तिथे एसटीनं जायचे. पुष्कळ गावांत तेव्हा इंटरनेट धड नव्हतं. म्हणून लागेल ते सगळं माझ्या पोटात भरून न्यावं लागे.

माझ्या पोटात चार फोल्डर होते. चारहींत सामान एकच, ऑफिसचं सॉफ्टवेअर. म्हणजे पत्र लिहायची, तक्ते करायची ती नेहमीची सोय. पण कॉम्प्युटर चार तऱ्हांचे आणि प्रत्येकाला ते आपापल्या बांधणीतच लागतं. विंडोजवाल्याला ‘एक्सई’ची पुडी. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी फुकट मिळणारी व्यवस्था; तिच्यात दोन घराणी, एकाला ‘डेब’ लागतं आणि दुसऱ्याला ‘आरपीएम’. कापडवाल्या खेमचंदशेठच्या नातवाकडे, अरिहंतकडे, सफरचंदाच्या शिक्क्याचा लॅपटॉप होता, त्याची पुडी चौथी. एकाची दुसऱ्याला दिली तर तो तोंडच उघडत नाही.

शिनोलीच्या एका शाळेतला दिवस मला आठवतो. कुणीतरी देणगी दिलेले दहा जुने कॉम्प्युटर तिथे होते. शीलाबाई म्हणून शिक्षिका होत्या, त्या अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

“हनीफभाई, मागल्या माणसानं चारांवर टाकलं, ते चालतंय. या सहांवर व्हईनाच. तो म्हणला, भंगारात घाला. खरंच बिघडलेत का वो?”

हनीफभाईंनी सहाही कॉम्प्युटर एकेक करून सुरू केले, पाहिले आणि हसले.

“बिघडले न्हाईत बाई. आपण त्यांना दुसऱ्याची पुडी देतोय. आधी इचारायचं, बाबा तू कोण हाईस. मग द्यायचं.”

मग त्यांनी मला खाचेत बसवलं. डेबची पुडी म्हणजे एक फाइल नसते बरं का, चाळीस-बेचाळीस बारक्या फाइली असतात आणि त्या सगळ्या एकदम टाकाव्या लागतात. मी त्या एकेक करून दिल्या. दुपारपर्यंत सहाही पडद्यांवर पांढरी स्वच्छ पानं उघडली आणि मुलांनी त्यांवर आपापली नावं लिहिली. शीलाबाईंचा जीव भांड्यात पडला. मुलं मला हातात घेऊन पाहत होती. माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

निघताना हनीफभाईंनी खिशातून डॉक्टरी चिकटपट्टी काढली आणि त्या सहाही कॉम्प्युटरच्या डब्यांवर लिहून लावली, ‘डेब’. पुढच्या माणसाला विचारावं लागू नये म्हणून. ही त्यांची सवयच होती. घरीही तेच. बिबिजानच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डब्यांवर ‘हळद’, ‘जिरं’, ‘मीठ’, आणि कोपऱ्यातल्या त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ‘डेब’. ती थट्टा करायची.

“आवो, एक पट्टी माज्या कपाळाला लावा. न्हाईतर उद्या मलाच इसराल.”

मग एके वर्षी हनीफभाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. जन्मभर लोकांना समजावून सांगणारा माणूस मुका झाला.

पहिले काही दिवस ते हातवारे करत. बिबिजानला समजत नसे आणि दोघंही चिडत. एके सकाळी ते कॉम्प्युटरपुढे बसले, पान उघडलं, अक्षर मोठं केलं आणि लिहिलं, ‘बिबी, इथे ये.’ बिबिजान मढच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकेक अक्षर जुळवत वाचलं आणि पदर तोंडाला लावून रडली. मग शेजारी पाट ओढून बसली.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तिथेच व्हायचं. ते लिहायचे, ती वाचून तोंडानं उत्तर द्यायची. बोलणं तरी काय? ‘आज वांगी नकोत.’ ‘तौहीदचा फोन आला का?’ ‘तू काल दिवसभर खोकत होतीस, मी मोजत होतो.’ संध्याकाळी ते सगळं पुसायला निघाले, तर बिबिजाननं त्यांचा हात धरला.

“पुसू नका. राहू द्या. आवाज तर गेला, आता ह्ये तरी राहू द्या.”

म्हणून त्यांनी फाइलीला नाव दिलं, ‘बोलणं’. रोज एक नवं पान. वर्ष-सव्वा वर्षात चारशे बारा पानं झाली. मित्रांनो, लोकांच्या फाइलींच्या तीन-तीन प्रती काढून ठेवणारा हा माणूस, या फाइलीची एकही प्रत त्यानं माझ्यात ठेवली नाही. बोलण्याची प्रत काढायची असते असं त्यालाही सुचलं नसावं.

चारशे बाराव्या सकाळी मी खाचेतच होतो. बिबिजान मागे मोरीत भांडी घासत होती. हनीफभाईंनी दोन ओळी लिहिल्या, पान सेव्ह केलं, आणि छातीवर हात ठेवून खुर्चीतच वाकले. हाक मारायला आवाज नव्हता. भांड्यांचा आवाज थांबेपर्यंत ते तसेच होते. ती आली तेव्हा ते गेले होते.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर तौहीदनं, म्हणजे तिच्या मुलानं, अम्मीला चाकणला चल म्हणून खूप आग्रह केला. तो तिथे कंपनीत कामाला होता. ती गेली नाही. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. दुपारची नमाज झाली की ती कॉम्प्युटर सुरू करायची, ‘बोलणं’ उघडायची आणि पहिल्या पानापासून रोज एकच पान वाचायची. वाचता वाचता उत्तर द्यायची. तेव्हा दिलेलंच उत्तर, कधी जरा बदलून. “बरं, वांगी नाय करत,” असं म्हणून ती खरंच वांगी करत नसे.

शेवटचं पान तिनं अजून एकदाही वाचलं नव्हतं. पुढे जाऊन बघता आलं असतं, पण ती बघत नसे. एकदा हात तिकडे गेला तेव्हा स्वतःशीच पुटपुटली, “ते वाचलं की संपलं. आपल्या पाळीनं येऊ दे.”

ती तीनशे एकाहत्तराव्या पानावर असताना सगळं विस्कटलं.

ईदसाठी घराला रंग दिला, त्यात कॉम्प्युटरवरची पट्टी निघाली. बिबिजाननं ती टाकली नाही, कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवली. त्याच सुट्टीत तौहीदनं कॉम्प्युटर साफसूफ करायला घेतला. पडद्यावर अपडेट करा म्हणून सूचना आली, त्यानं ती सुरू केली, आणि नेमकी अर्ध्यावर लाइट गेली. लाइट आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, पण ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडेना. ‘बोलणं’ ही फाइल जागच्या जागी होती, तिला उघडणारं कुणी उरलं नव्हतं.

यात अवघड काहीच नव्हतं. डेबची पुडी पुन्हा टाकायची, एवढंच काम. शिनोलीत सहा वेळा केलेलं. पण ती पुडी माझ्या पोटात आता नव्हती. आदल्याच आठवड्यात चुलतबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ घ्यायला तौहीदला माझ्यात जागा हवी होती. त्याला त्या चाळीस-बेचाळीस अनोळखी फाइली दिसल्या आणि काहीतरी व्हायरस असेल म्हणून त्यानं पुसून टाकल्या. तेवढ्यानं जागा झाली, म्हणून बाकीच्या पुड्या राहिल्या. त्याचाही दोष कसा काढू? त्याला त्यांची नावं कुणी सांगितली नव्हती.

तौहीदनं आळेफाट्याहून त्याच्या ओळखीच्या अरफातला बोलावलं. अरफात मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करायचा, माणूस कामसू होता. त्यानं माझ्यात उरलेली आरपीएमची पुडी उचलून टाकून पाहिली. कॉम्प्युटरनं ती घेतली नाही.

बिबिजान दारात उभी होती. ती म्हणाली, “आरं, त्याला ती न्हाई चालायची. त्याला डेब लागतं.”

अरफातला हसू आलं, ते त्यानं दाबलं.

“त्यांनी पट्टी लावली व्हती. थांबा, दावते. कपाटावर हाय.”

“अम्मी,” तौहीद म्हणाला, “तुला काय कळतंय त्यातलं? ऱ्हाऊ दे. अरफात एवढा लांबून आलाय, जरा चहा टाक.”

ती चहा टाकायला गेली. मित्रांनो, त्या घरात त्या वेळी खरं दुखणं ओळखणारी तीच एकटी होती, आणि तिला चहाला पाठवलं.

“ह्ये लिनक्स आता कोन वापरतंय राव?” अरफात म्हणाला. “सगळं काढून विंडोज टाकतो, म्हंजी कटकट नको. आतमंदी डेटा हाय का काय ठेवायचा?”

“काय नाय. फोटो माज्या मोबाइलमधी हायेत. बाकी अब्बांचं असंच टायपिंग.”

मी खाचेत होतो. चारशे बारा पानांची ती फाइल एका फोटोएवढीसुद्धा मोठी नव्हती. माझ्यात तशा हजारो मावल्या असत्या. लग्नाच्या व्हिडिओशेजारी ती कुठेही बसली असती. मला कुणी काही विचारलं नाही आणि मला तोंड नाही. अरफातनं बटण दाबलं. आत स्वयंपाकघरात आलं ठेचल्याचा आवाज येत होता, आणि इकडे पान एक, पान दोन, ‘बिबी, इथे ये’, सगळं जात होतं.

मग नवं विंडोज बसलं. अरफातनं माझ्यातली एक्सईची पुडी घेतली आणि ती पहिल्या झटक्यात चालली. “बेस्ट पेनड्राइव्ह हाय राव,” तो म्हणाला. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिबिजान चहा घेऊन आली. पडद्यावर पांढरं पान उघडलं होतं. तिनं कप ठेवले, पदराला हात पुसले आणि पाट ओढून बसली.

“आता तीनशे एकाहत्तर काढ,” ती म्हणाली.

“काय तीनशे एकाहत्तर?”

“त्यांचं बोलणं.”

तौहीदला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो लहान पोरासारखा रडू लागला. अरफातचा चेहरा उतरला. बिबिजाननं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुला ठावं नव्हतं रं,” ती म्हणाली. आणि अरफातकडे वळून, “चहा घ्या भाऊ. गार व्हतोय.”

तौहीदनं ती डिस्क पुण्याला दोन ठिकाणी दाखवली. काही परत आलं नाही. सुट्टी संपल्यावर तो चाकणला गेला. बिबिजान आठवडाभर नमाजेनंतर कोऱ्या पानासमोर बसत होती. एके दिवशी तिनं दोन-तीन उत्तरं दिली, पण प्रश्नच नव्हता, तेव्हा तिचीच ती घुटमळली. मग तिनं मला खाचेतून काढलं, पदरानं पुसलं आणि या डब्यात ठेवलं. रंगाच्या पाण्यात बाकीच्या डब्यांच्या पट्ट्या गेल्या होत्या. हनीफभाईंच्या हाताची अक्षरं कपाटाच्या दारावर आणि या एका डब्यावर, एवढीच उरली आहेत. म्हणून ती यात मीठ ठेवत नाही, डबा हाताळून पट्टी झिजेल म्हणून.

मित्रांनो, माझ्यासारख्याला जपा किंवा जपू नका, मला फेकून दिलं तरी दुसरा मिळतो. पण काहीही पुसण्याआधी घरात विचारा. नुसतं विचारू नका, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि उत्तर देणारं माणूस चूल सोडून आलेलं असलं तरी त्याचं ऐका. हनीफभाई दर वेळी यंत्राला आधी विचारायचे, तू कोण आहेस. आपण माणसाला तेवढंही विचारत नाही.

मला एकच गोष्ट सलते. ते शेवटचं पान मी वाचलं होतं. साऱ्या जगात आता ते मला एकट्यालाच ठाऊक आहे. रोज सकाळी बिबिजान फळीवर हात घालते, हा डबा हातात घेते, पट्टीवरून बोट फिरवते आणि परत ठेवते. तेव्हा मी तिच्यापासून पत्र्याएवढ्या अंतरावर असतो आणि मला सांगता येत नाही. फार मोठं काही नव्हतं त्यात. दोनच ओळी होत्या.

‘बिबी, मिठाचा डबा रिकामा झालाय. दुपारी मी आणतो, तू उन्हात जाऊ नकोस.’